पट्ट्यावरची पावलं

व्यायामाचं यंत्र घरात येतं तेव्हा त्याची बडदास्त जावयासारखी ठेवतात. हॉलमधली मोक्याची जागा, रोज फडकं, आल्यागेल्याला प्रात्यक्षिक. नव्याचे नऊ दिवस सरले की त्याच्यावर पहिला ओला टॉवेल पडतो, मग चादरी, मग पोरांची दप्तरं. शेवटी कोणीतरी त्याला ठेचकाळून पायाचं बोट दुखावून घेतं आणि घामशेटचा फोन वाजतो.

घामशेट हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. वापरलेल्या ट्रेडमिल, सायकली, डंबेल्स विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, झाडूनपुसून पुन्हा विकायच्या, हा त्याचा धंदा. दुसऱ्यांच्या घामावर पोट भरतो म्हणून बाजारात कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्याला त्याचा राग नव्हता. "घाम कसला घेऊन बसलात?" तो म्हणायचा. "घाम गाळला असता तर मशीन विकायला काढलं असतं का? मी लोकांचे संकल्प विकतो. तेही जवळजवळ कोरे."

पट्टा बघून तो माणूस सांगायचा. ट्रेडमिलचा पट्टा म्हणजे दोन रोलरांवर फिरणारं रबराचं लांब कडं. ते फिरतं राहतं, त्यामुळे पाऊल दर वेळी त्याच्या वेगळ्याच जागी पडतं. वर्षानुवर्षं चालल्यावर त्याच्यावर दोन लांब गुळगुळीत माग तेवढे उमटतात, एक डाव्या पायाचा, एक उजव्याचा. डावा माग जास्त घासलेला असला तर माणूस डावीकडे भार टाकतो. दोन्ही माग वेडेवाकडे असले तर तो मोबाइल बघत चालतो. मशीन विकायचं असलं की घामशेट नवा पट्टा चढवायचा, पण जुना फेकायचा नाही. सांध्यावर कापला की त्याची लांबलचक, न घसरणारी पट्टी होते. दुकानात दारापासून कामाच्या टेबलापर्यंत असे जुने पट्टेच अंथरलेले होते. तो याला काटकसर म्हणायचा आणि बायको कंजूषपणा म्हणायची.

बायको ही त्याच्या धंद्यातली अर्धी भागीदार होती. दुरुस्त झालेली प्रत्येक ट्रेडमिल आधी ती चालून बघायची आणि मगच ते मशीन गिऱ्हाइकाला दिसायचं. तिच्या पायाला भिंगरी होती. तिच्या चालीवरच आपण भाळलो, हे तो या वयातही लाजत कबूल करायचा. बाजारात ती पुढे आणि हा पिशव्या घेऊन मागे. मागे वळून बघायची तिला सवयच नव्हती. पुढूनच आवाज यायचा, "अहो, पाय उचला की!"

त्या बायकोच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि घराची रयाच गेली. गुडघा नवा बसला, पण तिचा धीर सुटला. फरशी गुळगुळीत आहे, पडेन, म्हणून ती पलंगावरून उतरेना. रोज व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओबाईंनी शेवटी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, सांधा धरत चाललाय. त्या चालल्या नाहीत तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणि मग त्या चालतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही." तेव्हापासून घामशेटचं कशातच लक्ष लागेना. दुकानात असला की जीव घरात, घरात असला की पॅसेजमध्ये येरझारा. तो तिला गोंजारायचा, रागवायचा, लालूच दाखवायचा. "अगं, चार पावलं. माझ्यासाठी." पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच आठवड्यात औषधवाल्याचा फोन आला.

हा चौकातल्या औषधांच्या दुकानाचा मालक, मितभाषी, सदा इस्त्रीचा शर्ट घालणारा. ट्रेडमिल त्याच्या बायकोची. "ती बहिणीकडे गेलीय. आता लागणार नाही," एवढंच तो म्हणाला. मशीन मागच्या लहान खोलीत होतं. खिडकी नव्हती, चित्र नव्हतं, टीव्ही नव्हता. ट्रेडमिलचं तोंड कोऱ्या भिंतीकडे. अशा खोलीत कोणी रोज चालत असेल तर त्याच्या चिकाटीची कमाल आहे, असं घामशेटला वाटलं. औषधवाला मात्र उंबऱ्याच्या आत आला नाही. मशीन बाहेर काढताना दाराला हात लागला तेव्हा घामशेटच्या लक्षात आलं, की आतली कडी उखडलेली आहे आणि चौकटीचं लाकूड फुटलेलं आहे. भावही न करता औषधवाल्याने मशीन देऊन टाकलं. भाव न करणारं गिऱ्हाईक बघितलं की घामशेटला उगाचच अस्वस्थ वाटायचं.

दुकानात आणून पट्टा उतरवला आणि तो तसाच हातात धरून बसला. माग नव्हते. पावलं होती.

एकामागे एक, सुटी, स्पष्ट पावलं. बोटं वेगळी ओळखू यावीत इतकी घासलेली. डावं पाऊल पूर्ण, उजव्याचा फक्त चवडा. टाच कुठेच टेकलेली नाही. फिरत्या पट्ट्यावर असं होत नाही. पाऊल रोज नेमकं त्याच जागी पडलं, तरच असं होईल, आणि तसं कोणाला जमणार नाही. बाई मशीन बंद ठेवून जागच्या जागी व्यायाम करत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण पावलं पट्टाभर होती, रोलरच्या खालीसुद्धा. त्याला काही सुचेना. न सुचणाऱ्या गोष्टीपुढे तो नेहमी करायचा तेच त्याने केलं, कामाला लागला. नवा पट्टा चढवला, दुसऱ्याच दिवशी मशीन एका शिक्षिकेला विकलं. तिची कधी काही तक्रार आली नाही.

जुना पट्टा त्याने कापला, धुतला आणि घरी आणला. पॅसेजमध्ये तो अगदी मापाने कापल्यासारखा बसला, हॉलपासून टोकाच्या भिंतीपर्यंत. डाव्या हाताला झोपायची खोली, उजव्या हाताला न्हाणीघर आणि समोर कोरी भिंत. पावलांचं तोंड भिंतीकडे आलं. ते तसंच ठेवावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. टोक हातात आलं तसं त्याने अंथरलं.

"हे बघ, आता घसरायची भीती नाही," तो म्हणाला.

बायकोने पलंगावरून बघितलं, काठी घेतली आणि दारापर्यंत आली. पट्ट्यावर एक पाय ठेवला. मग दुसरा. मग ती चालायला लागली. घामशेटच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते तिला दिसू नये म्हणून तो स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवत बसला.

पुढचे दिवस आनंदाचे होते. फिजिओबाई खूश, शेजारणी खूश. बायको सकाळी चालायची, दुपारी चालायची, भाजी शिजेपर्यंत चालायची. घामशेट सगळ्यांना सांगत सुटला, की अख्ख्या दुकानातली मशीनं एकीकडे आणि हा टाकाऊ तुकडा एकीकडे. ती थांबली की तोच म्हणायचा, "अजून थोडं. अजून थोडं चाल."

मग एका सकाळी पेपर वाचता वाचता त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. ती उजवी टाच टेकवत नव्हती.

"अगं, गुडघा डावा आणि लंगडतेस उजवीकडे?"

"कोण लंगडतंय? सरळ तर चालतेय."

त्याने फिजिओबाईंना विचारलं. एका पायाला जपताना दुसऱ्यावर ताण येतो, असं त्या म्हणाल्या. पटण्यासारखं होतं. त्याने पटवून घेतलं.

पॅसेज तो केवढा, वळलं नाही तोच संपणारा. पण हॉलमध्ये बसून ऐकलं तर तिची पावलं भिंतीकडे जायची आणि जातच राहायची. वळण्याचा आवाज नाही, काठीची टकटक नाही. पावलं लांब लांब जात बारीक व्हायची, एखादी बाई मोठ्या मैदानातून चालत जावी तशी. तो उठून बघायला जायचा तर ती भिंतीपाशी उभी असायची, कपाळावर घाम, चेहरा उजळलेला.

"काय हो? असे काय बघताय?"

"काही नाही. दमलीस?"

"छे! आज बरंच लांब गेले. तिकडे गार वारा असतो."

"तिकडे म्हणजे कुठे?"

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "तुम्ही चहा टाका बघू," आणि विषय तिथेच संपला.

त्या दिवशी कपडे धुवायला टाकताना त्याला तिच्या गाऊनच्या काठाला कुसळं लागलेली दिसली. वाळक्या गवताची, लांब, टोकदार कुसळं. स्लिपरांच्या तळव्यांना बारीक ओली वाळू होती. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि महिनोन्महिने तिने दाराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. ती वाळू त्याने बोटांवर चोळून बघितली, वास घेतला. ओल्या मातीचा आणि आणखी कशाचा तरी वास होता, त्याला ओळखता येईना. त्याने नळाखाली हात धुतले, ते बराच वेळ धूतच राहिला.

त्याने पट्टा गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

बायको चिडली नाही, भांडली नाही. तिने फरशीवर पाय ठेवून बघितला आणि तो विस्तवावर पडल्यासारखा उचलला. मग पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. एक दिवस गेला, दुसरा गेला. गुडघा लाकडासारखा झाला. फिजिओबाईंनी तो वाकवायला घेतला तेव्हा ती अशी ओरडली, की शेजारचे दार वाजवायला आले. "काका, हे असंच राहिलं तर मला पुढचं बोलावं लागेल," बाई म्हणाल्या. त्या गेल्यावर तो स्टूल घेऊन माळ्यापाशी उभा राहिला. कुसळं की गुडघा? कुसळांचं कारण काही का असेना, गुडघ्याचं काय होणार ते त्याला ठाऊक होतं. पट्टा त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा अंथरला.

ती उठली. चालली. रात्री जेवताना आपणहून बोलायला लागली.

"तिकडे एक बाई असते. माझ्यापुढे चालते. टाच टेकवत नाही बिचारी, पण थांबतसुद्धा नाही. मागे वळून बघत नाही."

घामशेटच्या हातातला घास हातातच राहिला. "कोण बाई?"

"मला काय ठाऊक? आधी नुसती ठिपक्याएवढी दिसायची. आज पाठीवरची वेणी दिसली." मग ती हसली, खूप दिवसांनी, जुन्या तोऱ्यात. "उद्या गाठते बघा तिला. मला काय कोणी मागे टाकतंय?"

सकाळी तो तडक औषधवाल्याकडे गेला. निघताना तिला बजावलं, "मी येईपर्यंत चालू नकोस. शपथ आहे माझी." ती पलंगावर बसून केस विंचरत होती. "हो हो, जा तुम्ही," ती म्हणाली. दार ओढून घेतलं की आपोआप लागायचं. तरी त्याने ते ढकलून बघितलं.

औषधवाला गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देत होता. घामशेटला बघून तो मोजायचा थांबला.

"वहिनी," घामशेट म्हणाला, "उजवी टाच टेकवत नव्हत्या का?"

औषधवाल्याने गिऱ्हाइकाला घालवलं आणि शटर अर्धं ओढलं. "लहानपणी भाजली होती. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या बहिणीकडे नाही गेल्या."

"तिला बहीण नाही." तो स्टुलावर बसला. इस्त्रीचा शर्ट एकदम त्याला मोठा झाल्यासारखा वाटला. "वजन वाढलं म्हणून मीच ते मशीन आणलं. मीच तिच्या मागे लागलो, चाल, चाल म्हणून. मग ती थांबेचना. कुठे चालतेस एवढी, म्हटलं की म्हणायची, पोहोचले की सांगते. दार आतून लावून घ्यायची. एका दुपारी हाका मारून मारून दमलो. मशीनचा आवाज चालू होता. दार फोडलं. पट्टा फिरत होता." त्याने ओठ पुसले. "नुसता पट्टा फिरत होता हो."

"पट्टा बदललात ना?" औषधवाल्याने विचारलं. "जुन्याचं काय केलंत?"

घामशेट शटरखालून वाकून बाहेर पडला.

जिना तो कसा चढला हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. किल्ली भोकात जाईना. दार उघडलं तेव्हा घरात नळाचा एक एक थेंब पडत होता आणि बाकी काही नव्हतं.

"अगं!"

तिची किल्ली खुंटीवर होती. बाहेरच्या चपला जागच्या जागी होत्या. पलंगावर फणी पडलेली होती. काठी पॅसेजच्या टोकाला, भिंतीला टेकवून ठेवलेली. आता हिची गरज नाही, म्हणून कोणीतरी ठेवावी तशी.

न्हाणीघर रिकामं. खिडक्या बंद, जाळ्या शाबूत.

त्याने भिंतीवर हात फिरवला. मुठी आपटल्या. कान लावला. पलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता.

मग त्याने खाली बघितलं. पावलं भिंतीकडे चालली होती.

तो यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. उलटं फिरणारं मशीन सुलटं करायला तार फिरवून लावायची, एवढं त्याला कळत होतं. त्याने पट्ट्याचं एक टोक उचललं, दुसरं उचललं आणि अख्खा पट्टा फिरवून अंथरला. आता पावलांचं तोंड घराकडे होतं.

हॉलच्या बाजूला स्टूल ठेवून तो बसला.

दुपार सरत आली. न्हाणीघराच्या झरोक्यातून येणारा उजेड भिंतीवरून सरकत छताला लागला.

आधी वाटलं, मिक्सरच आहे. मग वाटलं, आपलंच काळीज आहे.

पावलं होती. फार लांबून. येत होती.

तो उभा राहिला. "ये," तो म्हणाला. "ये गं. पाय उचल."

पावलं जवळ आली. वाळूत रुतत, थकलेली. एक पूर्ण, एक अर्धं.

एक पूर्ण, एक अर्धं.

त्याने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा भिंतीला हात टेकून एक बाई उभी होती. काटकुळी, उन्हाने रापलेली, वेणी सुटलेली. तिची उजवी टाच अधांतरी होती.

"पाणी देता?" ती म्हणाली.

त्याने दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने घर न्याहाळलं, काठी न्याहाळली आणि तिच्या चेहऱ्यावर कणव दाटली.

"त्या तुमच्या कोण?"

"बायको. कुठंय ती?"

"माझ्या पुढे निघून गेल्या हो. एकाएकी रस्ता मागे वळला, तेव्हा मी पुष्कळ हाका मारल्या. पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही." मग तिच्या आवाजात नकळत कौतुक आलं. "काय चाल आहे त्यांची!"

घामशेटने फोन केला तसा औषधवाला आला. तो एक शब्द बोलला नाही. बायकोसमोर फरशीवर बसला आणि तिच्या पायांतली कुसळं एक एक करून काढायला लागला. घामशेटला ते बघवेना. दोघं गेली. जाताना औषधवाल्याने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि घामशेटला त्याचा रागही आला नाही. त्याच्या जागी आपणही असंच केलं असतं, हे त्याला कळत होतं.

तक्रार नोंदवली, शोध झाला, शेजाऱ्यांचे जबाब झाले. दार लागलेलं, चपला जागेवर. कोणाला काही सांगता येईना. फिजिओबाई एकदा येऊन रडून गेल्या.

दुकान आता बहुतेक बंद असतं. फोन वाजतो, लोकांना आपापले संकल्प विकायचे असतात, तो उचलत नाही. पट्ट्यावरची ती जुनी अर्धी पावलं पुसट होत गेली आणि त्यांच्या जागी नवी उमटली आहेत. त्याने ती पहिल्यांदा बघितली तेव्हा गुडघे टेकून त्यांच्यावरून हात फिरवला. डावं पूर्ण, उजवं पूर्ण, दोन्ही टाचा घट्ट टेकलेल्या. गुडघा बरा झाला होता. त्याला क्षणभर आनंद झाला, खरोखरचा आनंद, आणि मग तो तिथेच पट्ट्यावर डोकं टेकून हुंदके देत राहिला.

रोज संध्याकाळी तो पट्टा फिरवून अंथरतो, पावलांचं तोंड घराकडे करून. स्टूल घेऊन बसतो. "अगं, जरा दमानं घे," भिंतीला सांगतो.

सकाळी उठून बघावं तर पावलं पुन्हा भिंतीकडे चाललेली असतात. आज त्याने खाली बसून वीत टाकून बघितली. दोन पावलांमधलं अंतर कालच्यापेक्षा थोडं वाढलं होतं.